स्वल्पव्ययी बिऱ्हाडशास्त्र

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन करणारा जो अधिनियम २००५ साली झाला, त्याअन्वये सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदाच, आणि त्याही एप्रिल किंवा मे महिन्यात, कराव्यात असे ठरलेले आहे. मुलाबाळांच्या शाळांचा विचार करता ही तजवीज शहाणपणाची असेलही. परंतु ती ज्या कोणा सद्गृहस्थाला सुचली त्याने वऱ्हाडातील मे महिन्यात दुसऱ्या मजल्यावरून लोखंडी कपाट खाली उतरविलेले नसावे, अशी माझी नम्र धारणा आहे. अमरावतीचा कार्यभार सोडून अकोल्यास रुजू होण्याचा हुकूम माझ्या हाती पडला तेव्हा पारा ४४ अंशांवर होता, गच्चीवर कुरड्या वाळत होत्या आणि पासबुकातील शिल्लक कुरड्यांहूनही वाळलेली होती. बिऱ्हाड बांधून पोहोचवून देण्याचा धंदा करणाऱ्या एका इसमाने घरातील जिनसांची खानेसुमारी करून जो आकडा सांगितला, तो ऐकून कुटुंबाने त्याला चहासुद्धा विचारला नाही. त्याच सायंकाळी काकाजी आले, आणि प्रस्तुत शास्त्र जन्मास आले.

काकाजी म्हणजे माझे चुलते. एका जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात अडतीस वर्षे रुईच्या गाठींची मोजदाद करून ते निवृत्त झाले. रुईची एक गाठ सुमारे १७० किलोची. खोलीभर पसरणारा कापूस दाबाखाली एका ठोकळ्याएवढा होताना ज्याने जन्मभर पाहिला, त्या मनुष्याला जगातील कोणतीही वस्तू योग्य दाब दिल्यास निम्म्या जागेत मावते असे वाटू लागणे स्वाभाविकच होय. ते स्वतः काही उचलत नाहीत. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खुर्ची दारात अशी मांडून बसतात की प्रत्येक वस्तू त्यांना वळसा घालूनच बाहेर पडावी, आणि उचलणाऱ्यांच्या चुका मोजतात.

नियम पहिला वाहनाचा. वाहन ठरवू नये, परत जाणारे गाठावे. अमरावतीचा टेम्पो अकोल्यास नेला म्हणजे त्याच्या रिकाम्या परतीचे भाडेही आपल्याच बोकांडी बसते. उलटपक्षी, अकोल्यास डाळमिलांची वाण नाही; तिथून माल घेऊन आलेल्या गाड्या अमरावतीच्या बाजारात खाली होऊन माघारी जाण्याच्या बेतात असतात, त्यांच्या चालकाशी चहाच्या टपरीवर परभारे बोलणी केल्यास निम्म्या भाड्यात काम होते. हा सल्ला खरोखरच उपयोगाचा असून वाचकाने तो टिपून ठेवावा. मात्र गाडी आधी झाडून घ्यावी. आम्ही ती झाडली नाही. परिणामी तुरीची चुनी गाद्यांत शिरली, आणि तिच्याबरोबर आलेल्या सोंड्यांनी आमच्या निजावयाच्या खोलीत जो संसार थाटला तो श्रावणापर्यंत सुखाने नांदत होता.

नियम दुसरा त्यागाचा. ह्या विषयातले सर्वश्रेष्ठ आचार्य अमरावती जिल्ह्यातच होऊन गेले. शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा एक गाडगे, एक खराटा आणि अंगावरच्या चिंध्या एवढ्या सरंजामानिशी उभा महाराष्ट्र हिंडले. त्यांना कधी टेम्पो लागला नाही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणून आपण हिणवतो खरे, पण विंचवाला हमाली पडत नाही हे विसरतो. ह्या विचाराने भारावून मी एका रविवारी मोडका स्टोव्ह, कूलरची जळालेली मोटर, तीन पायांचा पाट आणि पंचवीस वर्षांची वीजबिले ह्यांचा भंगारवाल्यासाठी अंगणात ढीग घातला. काकाजींनी खुर्ची ढिगाजवळ ओढली. “फेकाले काई लागत नाई गा, आनाले पैसे लागते,” एवढे एकच वाक्य ते दर पाच मिनिटांनी उच्चारीत राहिले आणि एकेक जिन्नस पुन्हा घरात जात राहिला. दिवेलागणीस ढिगात फक्त माझ्या तरुणपणच्या कवितांची वही उरली होती. तिच्यावर त्यांनी काही आक्षेप घेतला नाही.

नियम तिसरा बांधणावळीचा, आणि येथे काकाजींच्या प्रतिभेला खरा बहर येतो. नवी सुतळी विकत घेणे हे दिवाळखोरीचे प्रथम लक्षण होय, असा त्यांचा सिद्धान्त. मिठाईचे पुडे, लग्नातले आहेर, किराण्याची पोती ह्यांवरून सोडविलेल्या तुकड्यांना तुकडे जोडून त्यांनी नारळाएवढा जो गुंडा केला आहे, तो ह्या कार्यासाठी ते पिशवीतून घेऊन आले होते. त्यांच्या देखरेखीखाली जे शिकलो ते असे: पुस्तके पोत्यात भरू नयेत, वीतभर उंचीचे लहान गठ्ठे करावेत, कारण पुस्तकांचे पोते उचलताना हमालाच्या मुखातून जे वाङ्मय प्रकट होते ते आतल्यापेक्षा पुष्कळच जोरकस असते. काचसामान लुगड्यांत गुंडाळावे. कागद विकत आणावा लागतो, लुगडी तशीही न्यायचीच असतात. रिकामे भांडे रिकामे नेणे हे पाप होय: कूलरच्या वाळ्याच्या ताट्या आणि पंप काढून टाकीत गोधड्या भराव्यात, पाण्याच्या ड्रमात चपला, कुकरात लसूण. फ्रिज उभाच न्यावा आणि पोहोचल्यावर काही तास तसाच ठेवून मग चालू करावा. ह्यात विनोद काही नाही, तो जागा वाचावी म्हणून आडवा नेऊन आम्ही मेकॅनिकच्या हवाली जी रक्कम केली तीत त्या पहिल्या इसमाचे निम्मे बिल भागले असते. आडवा न्यावा ही सूचना कोणाची होती हे सांगण्याचे कारण नाही.

गठ्ठ्यांवर आत काय आहे ते लिहावे. काकाजींनी प्रत्येकावर खडूने ‘कामाचं’ असे लिहिले, काहींवर ‘लय कामाचं’.

गॅसचे सिलिंडर गाडीत घालू नये. एजन्सीत जमा करून कागद घ्यावा आणि त्या कागदावर नव्या गावी जोडणी घ्यावी.

आरसा मांडीवर.

प्रयाण पहाटे चारला करावे, कारण उन्हे वर आल्यावर लोखंडी पलंग हाती धरवत नाही. ज्या अमरावती-अकोला महामार्गावरून आम्हांस जायचे होते त्यावरच २०२२ च्या जून महिन्यात लोणी ते माना ह्यांच्या दरम्यान, १०५ तास ३३ मिनिटांत, एकपदरी हिशेबाने ७५ किलोमीटर डांबरी रस्ता अखंड अंथरून गिनीज बुकात विक्रम नोंदविला गेला. आमचा दिवाण जिन्याच्या वळणावर किती तास अडकून पडला होता ह्याची नोंद कोणी ठेवली नाही. त्या गुळगुळीत रस्त्यावरून, पुढल्या बाकावर कुरड्यांचा डबा सांभाळीत बसलेले कुटुंब, मांडीवर आरसा घेतलेला मी आणि मागे गाद्यांच्या राशीवर, नको नको म्हणत असताही, काकाजी, अशी आमची स्वारी मूर्तिजापूरला चहा घेऊन सकाळी अकोल्यात शिरली. गाद्यांवर ते झोपले होते. झोपेतही सुतळीचा गुंडा त्यांच्या मुठीत होता.

नव्या घराची पाहणी करताना हवेचा, उजेडाचा आणि देवघराच्या दिशेचा विचार लोक करतात; तो व्यर्थ होय. घरमालकास एकच प्रश्न विचारावा: नळ किती दिवसांआड येतो? शहराची भिस्त महानच्या काटेपूर्णा धरणावर, आणि हा मुलूख पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. आम्ही प्रश्न विचारला नाही, आणि “बोअर आहे ना साहेब” ह्या आश्वासनावर अकरा महिन्यांचा करारनामा लिहून दिला. त्या बोअरच्या खाऱ्या पाण्यात चार शिट्ट्या होऊनही वरणातला दाणा दाण्याला ओळख देईना. ज्या गावची डाळ साऱ्या मुलखात जाते, तिथे माझी डाळ शिजेना. काकाजींनी दोन घास चाखून पाहिले आणि मडक्यातल्या नळाच्या पाण्यावर डाळ, बोअरवर बाकी सर्व, अशी वाटणी करून दिली. ती अद्याप चालू आहे.

गठ्ठे सोडण्यास तीन दिवस लागले, कारण काकाजींची गाठ ही जिनिंगमधल्या गाठीइतकीच न सुटण्यासाठी घडविलेली असते. कुटुंबाने विळी आणली तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की तिने ती मुकाट्याने परत ठेवली, आणि आम्ही दोघे नखांनी गाठी सोडवीत बसलो. सुतळीचा गुंडा घेऊन ते चौथ्या दिवशी अमरावतीस परतले. एक गठ्ठा मात्र नखांनाही दाद देईना. त्यावर ‘लय कामाचं’ असे लिहिलेले आहे. त्यात वीजबिले आहेत की स्टोव्ह, हे ठाऊक नाही. पलंगाखाली तो तसाच आहे. पुढच्या बदलीस तेवढीच बांधणावळ वाचेल, असे काकाजी फोनवर म्हणतात, आणि लगेच विचारतात, “कापली तर नाई नं गा?”