गलांगल आहे का, शेठ?

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करण्यात येत आहे. परदेशी पदार्थ करणं आणि परदेशी पदार्थांचं सामान शोधणं ही दोन स्वतंत्र शास्त्रं आहेत. पहिल्याला गॅस लागतो, मिक्सर लागतो आणि घरच्यांची सहनशक्ती लागते. दुसऱ्याला रविवारची सकाळ आणि एक कापडी पिशवी पुरते. प्रस्तुत मार्गदर्शन फक्त दुसऱ्यापुरतं आहे. सामान घरी आल्यावर त्याचं पुढे काय झालं, हा ज्याच्या त्याच्या कुटुंबाचा अंतर्गत प्रश्न आहे.

अभ्यासासाठी थाई ग्रीन करी हा पदार्थ नेमण्यात आला आहे. पास्त्याचाही विचार झाला होता, पण पास्ता हल्ली कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पोह्यांच्या शेजारी मिळतो. त्यात शोधायचं काही उरलेलं नाही. ग्रीन करीची यादी मात्र माणसाला घराबाहेर काढते. गवती चहा, गलांगल, मकरुत लिंबाची पानं, कोथिंबिरीची मुळं, थाई बेसिल, कापी नावाचं आंबवलेल्या जवळ्याचं वाटण आणि फिश सॉस. हे सगळं पुण्यात एकाच दुकानात, एकाच खेपेत, ताजं मिळालं असा दावा कोणी केला तर त्याच्याकडे सहानुभूतीनं बघावं आणि विषय बदलावा.

नवशिक्यांची पहिली चूक म्हणजे ते थेट काचेच्या दुकानात शिरतात. तिथे थंडगार हवा असते, मंद संगीत असतं आणि प्लास्टिकच्या तबकात चार काड्या निजवलेल्या असतात. त्यावर ‘लेमनग्रास’ असं लिहिलेलं असतं. शोधकानं त्या काड्यांना आदरानं नमस्कार करावा आणि बाहेर पडून मंडईत जावं. तिथे आल्याच्या ढिगाशेजारी तोच गवती चहा जुडी बांधून पडलेला असतो. फक्त आपल्याकडे तो चहात टाकायचा म्हणून वरची पातीच विकतात आणि थाई वाटणाला लागतो तो खालचा पांढरा, जाडसर बुडखा. म्हणून जुडी उचलून ‘बुडख्यासकट आहे का?’ असं विचारावं. नसेल तर ‘उद्या आणते’ असं उत्तर येतं, आणि बहुतेक वेळा ती बाई खरोखर आणते. इतकी तत्पर पुरवठा साखळी काचेच्या दुकानाकडे नाही.

कोथिंबिरीच्या मुळांचा प्रकार याहून नाजूक. परदेशात थाई स्वयंपाक करणारे लोक या मुळांसाठी हळहळतात, कारण त्यांच्याकडे कोथिंबीर मुळं छाटूनच बाजारात येते. आपल्याकडे ती मुळांसकट, मातीसकट आणि कधीकधी एखाद्या लहानशा गोगलगाईसकट येते. पण आपली भाजीवाली मायाळू असते. जुडी हातात देता देता ती सवयीनं मुळं मोडून टाकते. अशा वेळी झालेला एक संवाद नमुन्यादाखल देत आहोत.

“मावशी, मुळं राहू द्या.”

“माती हाय दादा त्याला.”

“मुळंच पाहिजेत.”

मावशी क्षणभर बघते. मग शेजारच्या गाळ्याकडे तोंड करून म्हणते, “सुमे, तुझी बी मुळं टाकू नको गं. ह्यांना लागत्यात.” त्या दिवसापासून मंडईच्या त्या ओळीत शोधक ‘मुळंवाले दादा’ म्हणून ओळखला जातो. ही पदवी नाकारू नये. दुकान चांगलं की वाईट हे पुढे ठरतं. आधी दुकानानं आपल्याला ओळखावं लागतं.

मंडईचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर. पुण्याची मंडई १८८६ साली रे मार्केट या नावानं उभी राहिली. तिच्या खर्चाला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर घालावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई असं नाव देण्यात आलं. मुंबईतलं १८६९ सालचं क्रॉफर्ड मार्केटसुद्धा कागदोपत्री महात्मा फुले मंडईच आहे, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगितलं तर तो आपल्याला पुण्याला जायचं आहे असं समजेल. क्रॉफर्ड मार्केटच्या इमारतीवरची शिल्पं रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांनी केलेली आहेत. ती मान वर करून बघता बघता आपण चीजच्या गाळ्यापाशी कधी पोचतो ते कळत नाही, आणि दलालही कळू देत नाहीत.

आता गलांगल. या एका कंदापुढे भल्याभल्या शोधकांचा कस लागतो. मंडईत ‘गलांगल’ म्हटलं की समोर आलं ठेवतात. ‘आलं नाही, आल्यासारखं’ म्हटलं की आंबेहळद ठेवतात. दोन्ही परत करावं. खऱ्या गलांगलाची साल फिकट आणि चकचकीत असते, तिच्यावर वलयं असतात, कोंब गुलाबीसर असतात, सुरी लावली की हाताला लाकूड लागतं आणि वास कापराच्या जवळचा येतो. आंबेहळदीला कैरीचा वास येतो, त्यामुळे फसायचं काही कारण नाही. तरी माणसं फसतात, कारण दुकानात वास घेत उभं राहण्याची त्यांना लाज वाटते. लाज हा या शास्त्राचा पहिला शत्रू आहे.

मुंबईत ताजं गलांगल ग्रँट रोड स्टेशनालगतच्या भाजी गल्लीत किंवा वांद्र्याच्या पाली मार्केटमध्ये शोधावं. झुकिनी, ब्रोकोली आणि त्यांचे आप्तेष्ट ज्या गाळ्यांवर नांदतात, तिथेच मागे कुठेतरी ते ओल्या गोणपाटात असतं. मकरुत लिंबाची पानंही तिथेच. एकाच देठावर एकापुढे एक अशी जोडपानं असतील तर ती खरी. साध्या लिंबाची पानं मकरुतच्या भावानं खपवणारे कलावंत बाजारात आहेत. जास्तीची पानं घ्यावीत आणि फ्रीजरमध्ये टाकावीत. तिथे ती वाटाण्यांच्या पिशवीखाली सुखानं राहतात.

पुण्यात गलांगल हाती लागलं नाही तर काष्ठौषधीच्या दुकानात जाण्याचा मोह होतो. मोह रास्त आहे. तिथे ते सुकलेल्या स्वरूपात, कुलिंजन या नावानं, गवयांच्या घशासाठी पिढ्यान्‌पिढ्या विकलं जातं. मात्र काउंटरवरच्या काकांचा पहिला प्रश्न येतो, “खोकला किती दिवस आहे?” खोकला नाही, करी आहे, असं सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो मनाला लावून घेऊ नये. सुकं कुलिंजन सूपमध्ये उकळायला चालतं, वाटणाला ओलंच लागतं. तरीही दहा रुपयांचं घ्यावं. हे दुकान पुढे लागणार आहे: दगडफूल, नागकेशर, बदामफूल इथलंच चांगलं, आणि काकांशी संबंध बिघडवून कोणाचं भलं झालेलं नाही.

तीच गत तिरफळाची. सिचुआन मिरीसाठी माणसं परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेत जागा राखून ठेवतात. तिची सख्खी चुलत बहीण कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडलेली असते. दोन्ही एकाच कुळीतल्या. जीभ तीही बधिर करते, हीही करते, फक्त हिचा वास वेगळा आणि तब्येत जरा रांगडी. दादरला कोकणचा माल विकणाऱ्या दुकानात तिरफळं मिळतात. तिथे ‘सिचुआन पेपर’ असा उच्चार करू नये. मालक मालवणी असेल तर पुढचा अर्धा तास मासे आणि राजकारण यांत जातो आणि तिरफळं घ्यायची राहून जातात.

बेसिलच्या बाबतीत आम्ही सावध आहोत. थाई लोक ज्या ‘होली बेसिल’मध्ये चिकन परततात, ती वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं आपली तुळसच आहे. तरीही वृंदावनातली पानं खुडून कढईत टाकण्याचा सल्ला या मार्गदर्शनात दिला जाणार नाही. लेखकालाही घर आहे. सुदैवानं ग्रीन करीला लागणारं बेसिल हे सब्जाच्या जातीचं असतं. फालुद्यासाठी आणलेला सब्जा चिमूटभर कुंडीत पेरावा. वास थाई बेसिलसारखा तंतोतंत येईलच असं नाही, पण घरात तंटा नक्की होणार नाही.

आता बाटल्या. फिश सॉस, मिसो, गोचुजांग, ताहिनी वगैरे मंडळी बाटल्यांतून आणि डब्यांतून येतात आणि इथे डोळे उघडे ठेवावे लागतात. चांगल्या दुकानाची खरी खूण पाटीवर नसते, बाटलीच्या खांद्यावर असते. बोट फिरवून बघावं. धूळ आली तर त्या दुकानात तो माल कोणी खात नाही. तो फक्त दुकानाची शोभा म्हणून उभा आहे. बाटली फिरवून आयातदाराचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असलेली चिकटपट्टी शोधावी. ती नसेल तर बाटली कोणाच्या तरी सामानातून फिरायला आलेली आहे. आणि ती पट्टी नेमकी मूळ तारखेवर चिकटवलेली असेल, तर तो योगायोग मानण्याइतकं भोळं असू नये.

शाकाहाऱ्यांनी तपकिरी त्रिकोण बघायचा. फिश सॉस कशाचा असतो हे नावातच आहे, पण किमची निव्वळ कोबी म्हणून श्रावणात ताटात येते आणि पुष्कळदा तिच्यात तोच फिश सॉस असतो. वूस्टरशर सॉसमध्ये अँचोवी असतात. कापीबद्दल एवढंच सांगतो की सुकटाच्या वासावरून ज्या सोसायटीत सर्वसाधारण सभा झालेली आहे, तिथे हा डबा उघडण्यापूर्वी खिडक्यांचा आणि सभासदांच्या दुपारच्या झोपेचा अंदाज घ्यावा.

पण धूळ नसलेली बाटली मिळायची कुठे? या शास्त्राचा जो काही मूलमंत्र आहे तो इथे आहे: जो माल हवा, तो रोज जेवणारी माणसं कुठे राहतात ते आधी शोधावं. दुकान त्यांच्या मागोमाग गेलेलं असतंच. चाकण, तळेगाव, रांजणगावच्या कारखान्यांमुळे कोरियन, जपानी, जर्मन कुटुंबं पुण्यात आली. त्यांच्या घरांच्या आसपास, वरून सामान्य दिसणाऱ्या दुकानांत नोरी आणि तांदळाचे नूडल्स ताजे असतात, कारण ते आठवड्याला संपतात. सांताक्रूझच्या कालिन्यात ईशान्येकडची मुलंमुली राहतात, म्हणून तिथे आंबवलेला बांबू आणि नागा मिरची मिळते. माटुंग्याला दक्षिणेची दुकानं आहेत त्याचं कारण सांगायला नको. पुण्याच्या कॅम्पातलं दोराबजी टिकलं ते तिथे वर्षानुवर्षं खाणारी वस्ती होती म्हणून. दुकानाबाहेर उभं राहून गिऱ्हाईक बघावं. कोरियन आजी ज्या शेल्फासमोर पुटपुटत डबे उलटेपालटे करत असतील, त्याच शेल्फावरून त्यांनी घेतला तोच डबा घ्यावा. त्या हसल्या तर आपण चूक केली आहे असं समजावं आणि शेजारचा डबा घ्यावा.

घरातली ज्येष्ठ मंडळी या टप्प्यावर ‘हे परदेशी खूळ कशाला?’ असं विचारतात. त्यांच्याशी वाद घालू नये. शांतपणे फोडणीचा हिंग पुढे करावा. तो इराण आणि अफगाणिस्तानातून येत आला आहे. आपल्याकडे त्याची रोपं लाहौलमध्ये लावण्याचा प्रयोग २०२० मध्ये सुरू झाला. म्हणजे वरणाला फोडणी देणाऱ्या प्रत्येक घरात आयात चालूच होती. एवढ्यानं भागलं नाही तर उपासाच्या ताटाकडे बोट दाखवावं: साबुदाण्याचा कंद, बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची, सगळे मूळचे अमेरिका खंडांतले. एकादशीला इतका आंतरराष्ट्रीय स्वयंपाक बाकी कोणाच्या घरी होत नाही. ज्येष्ठ मंडळी यावर गप्प बसतात. पटतं म्हणून नव्हे, खिचडी गार होत असते म्हणून.

दहा मिनिटांत घरी सामान आणून देणाऱ्यांचा उल्लेख टाळला आहे, असा आक्षेप येईल. टाळलेलाच आहे. गलांगल दहा मिनिटांत दारात आलं, तर रविवारी सकाळी माणसानं करायचं काय?

परदेशस्थ मराठी वाचकांसाठी हेच नियम उलटे लावावेत. भारतीय दुकान अमेरिकेत सापडणं अवघड नाही. शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर पटेल ब्रदर्स १९७४ पासून आहे. पण तिथे भाजणी आणि आमसुलं मागितली तर गुजराती शेठ प्रेमानं खाखरा दाखवतात. सत्यनारायणाला केळीचं पान हवं असेल तर मेक्सिकन दुकानातल्या फ्रीजरपाशी जावं. तिथे ती तामालेसाठी गठ्ठ्यानं ठेवलेली असतात, आणि तिखट हिरवी मिरची नि कोथिंबीरही तिथेच स्वस्त. दुबईला किंवा सिंगापूरला जाणाऱ्यांनी मात्र अनारशांसाठी खसखस बॅगेत टाकू नये. तिथे ती बंदी घातलेल्या मालात मोडते, आणि कस्टमच्या अधिकाऱ्याला अनारसा समजावून सांगणं हे या मार्गदर्शनाच्या आवाक्याबाहेरचं आहे.

शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न: सापडलेल्या दुकानाचा पत्ता कोणाला सांगावा? सहज प्रवृत्ती कोणालाच न सांगण्याची असते. ती घातक आहे. आपण एकटेच फिश सॉस घेत राहिलो तर दुकानदार पुढची पेटी मागवणार नाही, राहिलेल्या बाटल्यांवर धूळ बसेल आणि वर दिलेल्या कसोटीनुसार आपल्यालाच ते दुकान सोडावं लागेल. उलट सगळ्यांना सांगितलं तर शनिवारी संध्याकाळीच शेल्फ रिकामं. तेव्हा माल महिन्याभरात खपेल पण रविवारी सकाळपर्यंत संपणार नाही, इतक्याच घरांना पत्ता द्यावा. त्यातही ज्यांच्याकडे बाटली उघडली जाते अशा घरांना आधी. समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींनी ‘काय हो, ते गलांगल कुठे मिळतं?’ असं विचारलंच, तर त्यांना काष्ठौषधीच्या काकांकडे पाठवावं. खोकला किती दिवस आहे ते काका विचारून घेतील.