गवार, गच्ची आणि ज्यूलिया

एमा डॉनह्यूची ‘द पुल ऑफ द स्टार्स’ ही कादंबरी वाचताना मी दोनदा पुस्तक मिटलं आणि एकदा पाणी प्यायला उठलो. माझं बाळंतपणाचं ज्ञान ‘मुलगा की मुलगी’ आणि ‘पेढे की बर्फी’ यांच्या पुढे कधी गेलं नव्हतं. या बाईंनी मला थेट आत नेलं आणि दाराला कडी घातली.

साल 1918, गाव डब्लिन. इन्फ्लुएंझाची साथ, आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. इस्पितळातल्या सामानाच्या खोलीत तीन खाटा टाकून तापाने फणफणलेल्या गरोदर बायकांचा वॉर्ड केलाय. नर्स एकटी ज्यूलिया. प्रकरणांची नावं लाल, तपकिरी, निळं, काळं, म्हणजे आजाऱ्याचा चेहरा ज्या क्रमाने रंग बदलतो ती. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, त्यामुळे कोण कळा देतंय आणि कोण धीर देतंय, हे ओळ दोनदा वाचून ठरवायचं. बाईंनी 2020च्या मार्चमध्ये हस्तलिखित प्रकाशकाकडे दिलं आणि जगाने मास्क बांधला. असा मुहूर्त वैऱ्यालाही न लाभो.

ही कथा मी आत्याला सांगितली. आत्या पस्तीस वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर होती. ती गवार मोडत ऐकत होती.

“औषध काय देतात?”

“व्हिस्की.”

“बाळंतिणीला? मग डिंकाचे लाडू कोण खातं, डॉक्टर?”

डॉक्टर मात्र तिला पसंत पडली. कॅथलीन लिन ही खरीखुरी बाई. 1916च्या उठावात होती, पुढे 1919मध्ये तिने तान्ह्या मुलांसाठी इस्पितळ काढलं. कादंबरीत पोलीस तिच्या मागावर आहेत आणि ही इकडे बायकांना सोडवतेय. “बरोबर आहे,” आत्या म्हणाली, “पोलीस थांबतात. कळा थांबत नाहीत.”

माझी तक्रार शेवटाबद्दल होती. ज्यूलिया आणि मदतीला आलेली ब्रायडी दोन दिवसांच्या ओळखीवर गच्चीत एकमेकींच्या प्रेमात पडतात. प्रेमाला माझी हरकत नाही, घाईला आहे. एकेका बाळंतपणाला पानंच्या पानं देणारी लेखिका पुढे प्रेम, मरण आणि पोरकं मूल असं उरकते, जणू ड्यूटी संपायच्या आत रजिस्टर भरायचंय.

“दोन दिवस उभं राहून प्रेम?” आत्या म्हणाली. “मला फक्त चपला काढाव्याशा वाटायच्या.”

मग मी घड्याळाचं सांगितलं. ज्यूलिया आपल्या हातून दगावलेल्या प्रत्येक बाईसाठी चांदीच्या घड्याळामागे एक खूण कोरते. आत्याचा हात थांबला. एक शेंग तिने मोडलीच नाही, तशीच सालांत टाकली.

“ते पोरकं मूल,” बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “ज्यूलियाने घरी नेलं ना? मग वरचं दूध कसलं दिलं त्याला?”

मी पानं उलटू लागलो.