दोस्तीची पाळी

जिवलग मित्रासोबत शनिवार-रविवार शहरात घालवा, असा सल्ला देणाऱ्यांनी एकदा कागल पंचतारांकित एमआयडीसीत यावं. इथं जिवलग मित्र म्हणजे रिलीव्हर. तो आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही आणि तो आला की आपण निघायचं. सगळी दोस्ती पाळी बदलतानाच्या दहा मिनिटांत आणि तंबाखूच्या एका चिमटीत निभावलेली.

कोल्हापूर वीसेक किलोमीटरवर. महामार्गाला लागलं की अर्ध्या-पाऊण तासात रंकाळा, मिसळ, तांबडा-पांढरा. अडचण अंतराची नाहीच. दोघांना एकदम सुट्टी मिळण्याची आहे. साप्ताहिक सुट्टी जवळ आली, की सुपरवायझर लाडात येऊन म्हणतो, "भावा, ऑर्डर अर्जंट हाय, ओटी मार की!"

तरी व्यवस्था अगदीच निर्दयी नाही. इथल्या फाउंड्र्यांचं कास्टिंग जातं ट्रक, मोटारी नि ट्रॅक्टरला. देशात गाड्यांचा खप घसरला, की इथं भट्ट्या थंडावतात आणि दोघांनाही एकाच वेळी सुट्टी लागते. बिनपगारी. मग खुशाल बसा दिवसभर रंकाळ्यावर. भेळ मात्र एकातच दोघांनी खायची.