जहाजातून उतरून चर्च पाहावे कसे : पुणतांबेकरांसाठी

पुणतांब्याला गोदावरी आहे, बंदर नाही. त्यामुळे क्रूझच्या थांब्यावरचे चर्च पाहायचे तर पुणतांबेकराला आधी मुंबई गाठावी लागते. तिथून सुटलेले जहाज मुरगाव बंदराला लागते आणि प्रवाशांना काही तास मोकळे सोडते. त्यांतले बरेचसे तास बसमध्ये जातात. उरलेले जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बॅसिलिकेचे.

सराव म्हणून शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यातली हरेगावची मतमाउलीची यात्रा सप्टेंबरात उरकून घ्यावी. मेणबत्ती लावण्याची सवय तिथेच होते. जहाजावरची आखूड चड्डी बॅसिलिकेत चालत नाही. चपला मात्र काढाव्या लागत नाहीत. ज्यांचे पाय देवाच्या दारी आपोआप मोकळे होतात, त्यांनी ते आवरावेत.

बाहेरून पाहताच ‘गिलावा करायचा राहिला वाटतं’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो राहिलेला नाही, विसाव्या शतकात मुद्दाम काढलेला आहे. १५९४ साली बांधायला घेतलेल्या आणि १६०५ साली अर्पण झालेल्या या इमारतीचा जांभा गिलावा गेल्यापासून कोकणी पावसात उघडा झिजतो आहे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली काय काय होऊ शकते, हे पाहायला ही एक भिंत पुरे.

आत उजव्या हाताला सेंट फ्रान्सिस झेवियर. १५५२ साली ते चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. देह मलाक्कामार्गे १५५४ साली गोव्यात आला. तो ठेवलेल्या चांदीच्या पेटीखालचा संगमरवरी चौथरा टस्कनीचा ड्यूक तिसरा कोसिमो याने दिलेला. फ्लॉरेन्सच्या फोग्गीनीने घडवलेला हा चौथरा १६९८ साली बसवला. पेटी इतकी उंच की नजरेपेक्षा मानेलाच जास्त काम. योगी चांगदेव चौदाशे वर्षे जगल्याच्या कथेवर वाढलेल्या पुणतांबेकराला देह टिकल्याचे नवल वाटत नाही. तो ‘खाली कधी काढतात?’ एवढेच विचारतो. साधारण दर दहा वर्षांनी; गेल्या खेपेला २०२४-२५ मध्ये काढला होता.

मिस्सा चालू असेल तर रांग दिसली म्हणून उभे राहू नये. पुढे मिळतो तो ख्रिस्तप्रसाद कॅथलिकांसाठी असतो. ‘घरच्यांसाठी अजून एक द्या’ म्हणणे तर सर्वथा वर्ज्य. प्रदक्षिणेचीही इथे प्रथा नाही.

वेळ उरलाच तर रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल आहे. त्याचा एक मनोरा १७७६ साली पडला, तो पुन्हा कोणी बांधला नाही. परतताना काजू खुशाल घ्यावेत. फेणीची बाटली मात्र बहुतेक जहाजांवर चढतानाच जमा करून घेतात आणि सफर संपल्यावर हाती देतात.