लागोपाठचा लोहपुरुष

1998 साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, बारमाही दुथडी वाहणारी नदी नाही आणि उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर घराबाहेर पडण्याचे सबळ कारणही सहसा नसते. तरीही गेल्या काही वर्षांत येथील तालुक्याच्या गावांतून ट्रायथलॉनपटू नावाचा एक मनुष्यविशेष आढळू लागला असून, त्याची ‘लागोपाठवाला’ ही पोटजात अधिक अभ्यासनीय आहे. ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या क्रिया मध्ये विसावा न घेता एकापाठोपाठ एक करण्याची शर्यत. 2000 साली सिडनी येथे तिचा ऑलिंपिकमध्ये प्रवेश झाला आणि तेथील अंतरे अनुक्रमे दीड, चाळीस व दहा किलोमीटर ठरली. ही शर्यत एकदा पुरी करून सामान्य माणूस आडवा होतो. लागोपाठवाला मात्र ती शनिवारी करतो आणि रविवारी पुन्हा करतो.

व्यवसायाने हा बहुधा कृषी केंद्राचा मालक किंवा पतसंस्थेचा शाखाधिकारी असतो. 2019 पासून गोव्यात होणाऱ्या अर्ध्या लोहपुरुष स्पर्धेतून, म्हणजे 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल व 21.1 किलोमीटर धावणे यातून, कोणी परिचित पदक घेऊन परतला की या प्रवृत्तीची लागण होते. मिलिंद सोमण यांनी 2017 मध्ये फ्लोरिडातील तीन दिवसांची अल्ट्रामॅन स्पर्धा अनवाणी पुरी केली, ही माहिती तो ग्राहकास सोयाबीनचे बियाणे मोजून देता देता सांगतो; बूट काढून ठेवण्याची तयारी मात्र अद्याप दिसलेली नाही, कारण त्या बुटांची किंमत घरात अजून पूर्णपणे कळलेली नसते.

पहिली अडचण पाण्याची. एकबुर्जी जलाशयातून वाशिम शहराला पिण्याचे पाणी मिळत असल्याने त्यात घाम धुणे शोभत नाही. म्हणून सराव शेतातल्या विहिरीत होतो. आठ मीटर व्यासाच्या विहिरीत दीड किलोमीटर पोहायचे तर 187 वेळा वळावे लागते, आणि त्यामुळे वळण्याचे कसब असे काही अंगी भिनते की गोव्याच्या समुद्रातही दर आठ मीटरला त्याचे खांदे आपोआप फिरू पाहतात. सायकलीची कथा याहून करुण आहे. जिल्ह्यातला सर्वांत गुळगुळीत रस्ता म्हणजे कारंजा, मंगरुळपीर व मालेगाव तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग, आणि त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. तेव्हा शेलूबाजारजवळ त्या महामार्गाकडे मान वर करून पाहत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागून जाणे एवढेच त्याच्या हाती उरते.

आता मुख्य विषय, म्हणजे पेसिंग. एकूण अंतरावर दम बेताने वाटून देणे, सुरुवातीस हात राखणे आणि शेवटासाठी शिल्लक ठेवणे, असा याचा अर्थ. लागोपाठच्या शर्यतीत ही शिल्लक दुसऱ्या दिवसालाही पुरवायची असते, म्हणून शनिवारी मुद्दाम हळू जाणे हीच खरी तयारी होय. वास्तविक कर्जदाराची पत पाहून रक्कम हप्त्याहप्त्याने सोडणाऱ्या शाखाधिकाऱ्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागू नये. पण समजणे आणि पाळणे यांच्यामध्ये पाटणी चौक येतो. ओसाड रस्त्यावर त्याच्या हृदयाचे ठोके मनगटी घड्याळाच्या आज्ञेत असतात, परंतु ओळखीचा चेहरा दिसताच पोट आत जाते, मान ताठ होते आणि वेग वाढतो. त्याचा वेग चढउतारावर किंवा वाऱ्यावर ठरत नसून दर किलोमीटरमागे भेटणाऱ्या परिचितांच्या संख्येवर ठरतो, असे म्हणण्यास भरपूर आधार आहे. धावताना पूर्ण वाक्य बोलता आले म्हणजे गती योग्य, अशी एक सोपी खूण प्रशिक्षक सांगतात. ही कसोटी घेण्याचे काम वाशिमकर विनामूल्य करतात. “काऊन पयून रायले भाऊ, यष्टी हुकली काय?” असे टपरीवरून कोणी विचारले की उत्तरादाखल त्याच्या तोंडून फक्त “हॅ” निघते, आणि तेही हसल्यासारखे दिसावे म्हणून तो पुढचे दोनशे मीटर आणखी जोरात पळतो.

शनिवारी दुपारी भरपाईचा अध्याय सुरू होतो. स्नायूंत व यकृतात साठवलेली साखर, जिला ग्लायकोजेन म्हणतात, दीर्घ श्रमाने घटते व ती पुन्हा भरण्यास साधारण एक दिवस लागतो. म्हणून शर्यत संपल्यावर पहिले काही तास शरीराच्या दर किलो वजनामागे ताशी सुमारे एक ग्रॅम पिष्टमय अन्न घ्यावे, असे आहारशास्त्र सांगते. सत्तर किलोच्या माणसाला हे ताशी सत्तर ग्रॅम होते. दुर्दैवाने त्याच दुपारी कोणाच्या तरी शेतात रोडग्यांचा कार्यक्रम असतो, तेथे तूप वाढणाऱ्याला ग्रॅम हे माप मान्य नसते, आणि “घ्या भाऊ, तुम्हाले उद्या पयाचं हाये” या आग्रहात आहारशास्त्राचाच आधार असल्याने नाही म्हणता येत नाही.

रविवारी पहाटे मांड्या दगड झालेल्या असतात. सवय नसलेल्या श्रमानंतरचे हे दुखणे एक ते तीन दिवसांत कळसाला पोहोचते, हे त्याने वाचलेले असते. विहिरीच्या पायऱ्या कठड्याला धरून, तिरके होत, पाठमोरे उतराव्या लागतील हे वाचलेले नसते. त्या दिवशी पाय मुळी उचलतच नसल्याने तो हळू पोहतो, हळू सायकल हाणतो, अकोला नाक्यावर खुद्द व्याही उभे असूनही वेग वाढवू शकत नाही, आणि धावता धावता त्यांच्या मुलीच्या परीक्षेची सविस्तर चौकशी करतो. घड्याळातला आलेख पहिल्यांदाच आरंभापासून शेवटपर्यंत सपाट येतो, पुस्तकात छापावा असा. तो आलेख मात्र तो कोणाला दाखवत नाही. संध्याकाळी मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर जातो तो शनिवारचा, तोही पाटणी चौकापर्यंतचाच.