फंडवाल्या साहेबांना, सीताबर्डीहून

राजमान्य राजेश्री फंडवाले साहेब यांसी,



2022 च्या मे महिन्यात तुमचा मेल आला : ‘फंडिंग विंटर’ सुरू झालाय, जपून राहा. बाहेर पारा 45 च्या आसपास, कूलरचं पाणी आटलेलं, खाली मेन रोडवर हातगाडीवाले डोक्याला दुपट्टा गुंडाळून बसलेले. भर मे महिन्यात नागपुरात हिवाळा आणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

त्याच्या आदल्याच वर्षी देशात चाळीसच्या वर अब्ज डॉलरचे युनिकॉर्न जन्मले होते. तुम्ही आमच्याशी व्हिडिओ कॉलवर तीनदा बोललात आणि चौथ्यांदा टर्म शीटच धाडलीत. आमचं काम केवढं, तर दुकानदारांची उधारी मोबाइलवर टिपायची. नऊ माणसं, एक अरुंद जिना, खाली कापडाचं दुकान. महिन्याला चार पैसे उरतात, हे मी छाती फुगवून सांगितलं, तर तुमचा चेहरा पडला. ‘नफा होतोय म्हणजे तुम्ही वाढीवर खर्च करत नाही!’ मोठ्या माणसाचा शब्द, मी लाजलो. नवाची एकेचाळीस माणसं केली. वर्गणी घेत होतो ते अ‍ॅप फुकट केलं. तुमचे निम्मे पैसे जाहिरातींच्या वाटेने पुन्हा अमेरिकेलाच पोचते केले.

खालचे दुकानवाले काका जिन्यात भेटले. म्हणाले, ‘काऊन रे बाप्पा, फुकट वाटून राह्यला म्हणते? मंग धंदा कोन करून राह्यलं?’ मी त्यांना ग्राहक मिळवण्याच्या खर्चाचं गणित समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चहा मागवला. चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

मग तो मेल. वर्षभरापूर्वी ‘वाढ कुठाय?’ विचारणारं तेच तोंड आता ‘नफ्याचा रस्ता दाखवा’ म्हणू लागलं. आमच्या वह्या त्याच, दुकानदार तेच. बदललं होतं ते वॉशिंग्टनात. मार्च 2020 मध्ये फेडरल रिझर्व्हने व्याजदर जवळपास शून्यावर आणला, तेव्हा स्वस्त पैसा जिरवायला जागा हवी होती, म्हणून तुम्हाला आमचा जिना दिसला. मार्च 2022 पासून दर चढत गेला, जुलै 2023 पर्यंत सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर पोचला, आणि तुमच्या मागच्या धनवंतांना सरकारी रोखेच गोड लागू लागले. विदर्भाला हे नवं नाही. आमच्या कापसाचा भावही न्यूयॉर्कच्या वायद्याकडे बघून हलतो. फक्त कापूस पडला तर व्यापारी शेतकऱ्याला ‘तुझ्यात दूरदृष्टी नाही’ असं ऐकवत नाही.

बरं, हा काही तुमचा पहिला हिवाळा नव्हे. मुंबईत पवईच्या टायनीआउल या जेवण मागवायच्या अ‍ॅपला नामवंत फंडांनी पैसा पुरवला, कंपनी शहरोशहरी पसरली. 2015 मध्ये हात आखडले गेले आणि नोव्हेंबरात पुण्याच्या ऑफिसात, कामावरून काढलेल्या पोरांनी हिशेबासाठी सहसंस्थापकालाच अडवून धरलं. फंडवाल्याला कुणी अडवल्याचं ऐकलं नाही. तो त्या जिन्यावर चढलेलाच नसतो.

तुमची व्यवस्था मात्र अभ्यासण्याजोगी. फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षं, वर्षाला सुमारे 2 टक्के फी, नफा झालाच तर त्यातले 20 टक्के. पाऊस पडो न पडो, फी चुकत नाही. दहा कंपन्यांतली एक उडाली की बाकीच्या नऊ तुमच्या लेखी ‘अपेक्षित’. मला ती एकच आहे, साहेब.

1817 च्या नोव्हेंबरात इथे लढाई झाली. आप्पासाहेब भोसल्यांची फौज कितीतरी पटीने मोठी. पण सीताबर्डीच्या टेकड्या ईस्ट इंडिया कंपनीने धरल्या होत्या. टेकडी कुणाकडे, याला महत्त्व असतं. आणि ‘कंपनी’ हा शब्द आम्हाला तेव्हापासून ओळखीचा.

कामावरून काढायच्या तीस जणांना मी एकेक करून समोर बसवलं. कुणाच्या नजरेला नजर देता आली, कुणाच्या नाही. एकाचं लग्न ठरलेलं होतं. त्याच रात्री तुमची लिंक्डइनवरची पोस्ट वाचली, ‘संस्थापकांनी कठीण निर्णय घ्यायला शिकलं पाहिजे’. शिकलो.

परवा तुमचा पुन्हा फोन. आवाजात वसंत. ‘तुमच्यात एआय आहे का?’ आहे. खालचे काका. चाळीस वर्षांची उधारी तोंडपाठ, गिऱ्हाईक जिन्यापाशी आलं की बुडवणार की देणार ते ओळखतात. अ‍ॅप पुन्हा पैसे घेऊन चालतं, आम्ही अकरा जण आहोत, आणि पहिली वर्गणी त्यांनीच भरली, घासाघीस करून.

आपला,
वरच्या मजल्यावरचा

ता. क. : तुमच्या आग्रहावरून ‘कल्चर’साठी घेतलेला निळा सोफा विकला जात नाही; जिन्यातून खालीही उतरत नाही. लिक्विडेशन प्रेफरन्सच्या कलमाप्रमाणे त्याच्यावर पहिला हक्क तुमचा आहे. चार हमाल घेऊन यावे.