एकभुक्त आणि दुप्पट खाशी

ज्या महाराष्ट्राने आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचे ऐकून दर दोन तासांनी थोडेथोडे खाल्ले, त्यानेच पुढे डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी बेतलेला नियम, दोनच जेवणे आणि प्रत्येकी ५५ मिनिटे, मनोभावे पाळला. आता काही मंडळी दीक्षितांच्याही पुढे गेली आहेत. दोनातले एक जेवण वजा करायचे, उरलेल्या एकातून पोळी, भात, डाळ वजा करायची आणि मोकळ्या झालेल्या जागेत सहा अंडी, पाव किलो पनीर, लोणी, बदाम आणि किसलेल्या फ्लॉवरचा ‘भात’ बसवायचा. तेवीस तास वैराग्य, एक तास लग्नघर. मग रात्री पोट डब्ब होते, आंबट ढेकर येतात आणि सकाळी एक तर काहीच होत नाही, नाहीतर चपला घालायलाही सवड मिळत नाही. या एकभुक्त पंथातले जुने साधक याला ‘शरीर शुद्ध होतंय’ म्हणतात. मला वाटते, पोट तक्रार करते आहे आणि तिचा रोख उपवासापेक्षा ताटाकडे आहे.

जठरात साधारण लिटर-दीड लिटर ऐवज सुखाने मावतो. त्यापुढे ते ताणले जाते, अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाशी असलेली झडप सैलावते आणि आम्ल वर चढते. त्यात ताटभर स्निग्ध पदार्थ असले की लहान आतडे कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक सोडून जठराला कळवते, ‘दमाने घे, इथे आधीचेच उरकलेले नाही.’ म्हणजे जेवण सर्वांत मोठे आणि निचरा सर्वांत मंद. वर्षभर झोपलेल्या सरकारी खात्याने मार्चअखेरच्या आठवड्यात सगळा निधी खर्चायला काढावा आणि कोषागाराने एकेक बिल तपासून सोडावे, तसा हा कारभार. साधक मात्र रात्री दहाला जेवून साडेदहाला आडवा होतो. फ्लॉवर-कोबीतल्या ज्या शर्करा आपल्याला पचत नाहीत, त्यांवर मोठ्या आतड्यातले जिवाणू ताव मारतात आणि वायू सोडतात. गोडाची तलफ भागवायला ‘साखरविरहित’ चॉकलेट घेतले, तर त्यातले माल्टिटॉल हेच काम अधिक उत्साहाने करते. सकाळच्या अडचणीचे कारण तर अगदी साधे आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू खायला सांगते. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात त्यांतले दहाएक असतात. अंडी, पनीर आणि लोण्यात शून्य. शिवाय कर्बोदके तोडली की इन्सुलिन उतरते, मूत्रपिंडे मीठ आणि पाणी जास्त टाकतात आणि मळ आणखी कोरडा होतो. मग भाकरी हद्दपार करणाऱ्या घरात इसबगोलाचा डबा सन्मानाने येतो. टाकलेला कोंडाच दुकानातून वेगळा विकत आणायचा, असा हा व्यवहार!

यावर पहिले उत्तर येते नोबेलचे. २०१६ साली योशिनोरी ओसुमींना पेशींच्या (उपासात वाढणाऱ्या) आत्मभक्षणावरील संशोधनासाठी ते मिळाले, हे खरे. पण त्यांचे मूळचे गाजलेले प्रयोग यीस्टवर झाले होते, आणि यीस्टला ना जठर असते ना रात्री पनीर खायची हौस. दुसरे उत्तर सिंहाचे: तोही एकदाच पोटभर खातो. खातो, आणि मग दिवसातले वीसेक तास लोळतो. तेवढी रजा कोणते कार्यालय देते? तिसरे उत्तर वजनदार आहे, कारण ते वजनाचेच आहे. वजन उतरते, साखरही उतरते. हे मी नाकारत नाही. कर्बोदके कमी केल्याचा मधुमेह्यांना लाभ होतो (गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून), आणि जेवणांमध्ये अंतर ठेवण्यातही काही गैर नाही. पण त्यासाठी सगळे एकाच ताटात कोंबण्याची गरज कुठे सिद्ध होते? २००७ साली अमेरिकी संशोधकांनी तेवढ्याच उष्मांकांचे अन्न आठ-आठ आठवडे एकदा आणि तीनदा देऊन पाहिले. एकवेळच्या जेवणाने चरबी थोडी कमी झाली, पण भूक, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल वाढले. त्या ताटात कर्बोदके नेहमीसारखी होती, म्हणून पंथीयांना तो प्रयोग बाद ठरवायची मुभा आहे. मात्र मग त्यांनी नोबेलचे यीस्टही परत करावे.

उरतो परंपरेचा दाखला. एकभुक्त राहणारी माणसे आपल्याकडे चातुर्मासात नेहमीच होती. पण त्याच परंपरेतला आयुर्वेदाचार्य वाग्भट पोटाचे दोन भाग अन्नाला, एक द्रवाला देऊन चौथा वायूसाठी रिकामा ठेवायला सांगतो. या पंथाने परंपरेचा उपवास घेतला आणि वाग्भटाचा चौथा भाग पनीरला भाड्याने दिला. इलाज फारसा अवघड नाही. तेच अन्न पाच-सहा तासांच्या अंतराने दोन ताटांत वाढावे, स्निग्धांश बेताचा ठेवावा, मेथी, दोडका, भेंडीला जागा द्यावी, मीठ-पाण्याकडे लक्ष ठेवावे आणि जेवण झोपेच्या तीन तास आधी उरकावे. एवढे करूनही पोटदुखी हटली नाही, तर पित्ताशय तपासून घ्यावे. लांबलेल्या उपवासात आणि झपाट्याने वजन उतरताना तिथे खडे धरण्याचा धोका वाढतो. अडचण एवढीच, की दोन ताटे झाली की माणूस पुन्हा दीक्षितांकडे जातो, आणि ‘तेवीस तास पूर्ण’ असे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज कळवायची सोय राहत नाही.